कन्सेंट टर्म्समधील सातवे कलम : कौटुंबिक न्यायालयांतील वकिलांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत परस्परसंमतीच्या घटस्फोटाची कामे पाहणारे सर्व वकील आणि तेथील विवाह समुपदेशक यांस,

स. न. वि. वि.

मी वकील नाही. दक्षिण जर्मनीतील एका शहरात नोकरी करणारा अभियंता आहे. काही वर्षांपूर्वी एका घटस्फोटित स्त्रीशी माझे लग्न झाले. तिला पहिल्या लग्नापासून दोन मुले आहेत, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा, आणि दोघेही मला काका म्हणतात. या दोघांना त्यांच्या आईबरोबर येथे आणायला आम्हाला सोळा महिने लागले. ते सोळा महिने ज्या एका वाक्यापायी गेले ते येथील कोणा अधिकाऱ्याने लिहिलेले नव्हते. ते कित्येक वर्षे आधी महाराष्ट्रातल्याच एका वकिलाच्या कार्यालयात, बहुधा आधीच्या एखाद्या प्रकरणाच्या फाइलवरून उचलून, टाइप झाले होते. त्या वाक्यासाठी कोणाला दोष द्यावा म्हणून हे पत्र लिहीत नाही. पण असे वाक्य आजही रोज लिहिले जात असेल आणि ज्यांच्यासाठी लिहिले जाते त्यांना ते कोठे अडणार आहे याची कल्पना नसेल, म्हणून लिहितो आहे.

वाक्य असे होते : ‘अज्ञान मुलांचा ताबा अर्जदार क्रमांक २ हिच्याकडे राहील व अर्जदार क्रमांक १ यांस दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी मुलांना भेटता येईल.’ कन्सेंट टर्म्समधील, म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी दोघांनी लिहून दिलेल्या अटींमधील, हे सातवे कलम. (‘अज्ञान’ म्हणजे अल्पवयीन.) सहावे कलम स्त्रीधनाचे होते आणि त्यात चांदीच्या ताम्हनापासून शिलाई मशीनपर्यंत अकरा वस्तूंची नावे होती. आठवे कलम फ्लॅटच्या हप्त्यांचे होते आणि ते पाऊण पान चालले होते. मुलांच्या वाट्याला हे एवढे एक वाक्य आले होते. हुकूमनाम्यात तर तेही नव्हते, फक्त ‘निशाणी १४ वरील अटींनुसार विवाह संपुष्टात येत आहे’ एवढेच होते, आणि निशाणी १४ ची, म्हणजे त्या कन्सेंट टर्म्सची, प्रमाणित नक्कल वेगळी काढावी लागली.

व्हिसाच्या मुलाखतीला माझी पत्नी दोन्ही मुलांना घेऊन गेली, तेव्हा काचेपलीकडच्या बाईंनी ते पान वाचून ‘ताबा’ या शब्दाच्या भाषांतराखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारले, “मुले तुमच्याजवळ राहतात हे यावरून कळते. पण त्यांच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या तुमचा आहे, असे कोठे लिहिले आहे?” पत्नीने पाने मागेपुढे केली. तसे कोठेच लिहिलेले नव्हते. येथे एक गोष्ट नमूद करतो, कारण तिच्यात थोडी गंमत आहे आणि बराच अर्थही आहे : आमच्या भाषांतरकाराने पहिल्या खेपेला ‘ताबा’साठी जर्मनमधील ‘बेझित्स’ हा शब्द घातला होता, जो घर, जमीन, गाडी अशा मालमत्तेच्या बाबतीत वापरतात. आम्ही तो बदलून घेतला, पण चूक पूर्णपणे त्याची होती असे मला आजही म्हणवत नाही. आपणही फ्लॅटचा ताबा आणि मुलांचा ताबा एकाच शब्दाने लिहितो.

त्या बाईंचा प्रश्न कोठून आला ते सांगतो. जर्मनीच्या निवास कायद्याचे कलम ३२ परदेशी नागरिकाच्या अज्ञान, अविवाहित मुलाला येथे राहण्याचा परवाना देते. पण त्यासाठी एक तर आई-वडील दोघेही येथे असावे लागतात, किंवा जो एक पालक येथे आहे त्याच्याकडेच मुलाच्या पालकत्वाचा संपूर्ण अधिकार असावा लागतो. त्या अधिकाराला येथे ‘झोर्गेरेश्ट’ म्हणतात. तो दोघांचा सामाईक असेल तर दुसऱ्या पालकाची मुलाने जर्मनीत राहण्यास संमती लागते, नाही तर सक्षम न्यायालयाचा किंवा अधिकाऱ्याचा तसा बंधनकारक निर्णय लागतो. सावत्र वडिलांचे, म्हणजे माझे, या हिशेबात फारसे स्थान नाही. मुले येतात ती आईच्या परवान्याच्या आधाराने. मी फक्त घर किती चौरस मीटरचे आहे, पगार किती आहे आणि आरोग्य विमा कोणता आहे, एवढे दाखवणारा माणूस. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

आता खरी अडचण. मुलाच्या पालकत्वाचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरवताना जर्मनी १९९६ च्या हेग कराराप्रमाणे मूल आजवर ज्या देशात राहत आले त्या देशाचा कायदा पाहते, आणि तो देश करारात सामील नसला तरी त्याचाच कायदा पाहिला जातो. भारत त्या करारात नाही. पण आमची मुले जन्मापासून साताऱ्याजवळ आजोळी वाढली, म्हणून अधिकाऱ्याने उघडला तो आपला कायदा. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६, कलम ६ : अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात या ‘नंतर’चा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता त्यांच्या अनुपस्थितीत असा घ्यावा, असे सांगितले, हे आपणास माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पण दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मुलांना भेटायला येणारे वडील अनुपस्थित आहेत, असे कोणता परदेशी अधिकारी मान्य करील? त्याच्या दृष्टीने चित्र स्पष्ट असते. ताबा आईकडे दिला, पालकत्वाबद्दल न्यायालय काही बोलले नाही, म्हणजे कायद्याने वडिलांचे जे होते ते वडिलांकडेच राहिले.

आपल्या कायद्यात ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विधी महाविद्यालयात पहिल्याच काही तासांत शिकवत असतील. मात्र परस्परसंमतीच्या प्रकरणात दोघेही पक्षकार थकलेले असतात, हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब (परस्परसंमतीचा घटस्फोट) खालची शेवटची तारीख एकदाची पार पडावी असे सर्वांना वाटते, आणि मुले आईकडेच राहणार हे उघड असल्याने पालकत्वाचा विषय कोणी काढत नाही. गावात, तालुक्यात, अगदी पुण्या-मुंबईतही त्यावाचून काही अडत नाही. शाळेत आईची सही चालते, दवाखान्यात चालते. मुलाचा पासपोर्ट काढायला गेल्यावर पहिल्यांदा दुसऱ्या पालकाची आठवण होते आणि तेथे प्रतिज्ञापत्र देऊन बहुधा वाट निघते. समुद्र ओलांडताना मात्र ती निघत नाही.

हा केवळ जर्मनीचा हट्ट नाही. युरोपीय संघाचा कुटुंबाच्या पुनर्मीलनाविषयीचा २००३ चा निर्देश (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात आणायचा संघाचा नियम), क्रमांक २००३/८६, डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता संघातील बाकी पंचवीस देशांना लागू आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमात जोडीदाराच्या मुलांचा स्पष्ट उल्लेख आहे : जोडीदाराची अज्ञान मुले आणता येतात, पण जोडीदाराकडे त्यांचा ताबा हवा आणि ती त्याच्यावर अवलंबून हवीत, आणि ताबा सामाईक असेल तर दुसऱ्या पालकाची संमती असल्यास सदस्य देश परवानगी देऊ शकतात. देशोदेशीचे कायदे हीच चौकट थोडी सैल किंवा थोडी घट्ट करून वापरतात. डेन्मार्क या निर्देशाबाहेर असून तेथील नियम अधिक कडक आहे. सर्वसाधारणपणे मूल पंधरा वर्षांचे होण्याआधी अर्ज करावा लागतो.

मी या नियमावर रागावलो होतो. बरेच महिने रागावलेलो होतो. नंतर संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेतील २४ वे कलम वाचनात आले, ज्यात प्रत्येक मुलाला, त्याच्या हिताविरुद्ध नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित व्यक्तिगत संबंध आणि थेट संपर्क ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि मला मान्य करावे लागले की एका पालकाच्या एका सहीवर मूल सात हजार किलोमीटर दूर जाऊ नये हे म्हणणे रास्तच आहे. त्यात भारत १९८० च्या बालक-अपहरणविषयक हेग करारात सामील नाही, त्यामुळे एकदा चूक झाली तर ती निस्तरण्याचा सरकारी मार्गही दोन देशांमध्ये नाही. काचेपलीकडच्या बाईंनी विचारले ते बरोबर विचारले. हरकत एवढीच की त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी सहज मिळाले असते तो दिवस कित्येक वर्षे मागे गेला होता.

त्या दिवशी दोन्ही पक्षकार एकाच बाकावर बसलेले होते, समोर समुपदेशक होत्या, दोन्ही वकील होते, आणि सही करायला पेन होते. आम्ही जेव्हा संमती मागायला गेलो तेव्हा मुलांचे वडील विदर्भात, नव्या संसारात, नव्या नोकरीत होते. ते वाईट गृहस्थ नाहीत; मुलांच्या वाढदिवसाला न चुकता फोन करणारे आहेत. त्यांनी मला फोनवर एवढेच विचारले, “मी सही केली म्हणजे मी मुले लिहून दिली, असे होते का?” मी नाही म्हणालो. पण मुलांच्या आईचा दुसरा नवरा नाही म्हणतो, यावर कोणी का विश्वास ठेवावा? त्यांना त्यांच्या एका वकील मित्राने सांगितले होते की परदेशाच्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस, उद्या काय निघेल सांगता येत नाही. हा सल्ला देणारा मनुष्य सावध होता, दुष्ट नव्हता. पण त्या सल्ल्याने आमचे सात महिने गेले, आणि शेवटी पत्नीने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली, ज्यात हुकूमनाम्यानंतरही मुलांविषयीच्या अटी बदलता येतात, नव्याने अर्ज केला. नोटीस, तारीख, पुढची तारीख, उन्हाळ्याची सुट्टी, समुपदेशन. समुपदेशकांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितल्यावर, की जन्मदाखल्यावरचे त्यांचे नाव आणि मुलांशी असलेले नाते यांपैकी काहीच जाणार नाही, त्यांनी तिसऱ्या तारखेला संमती नोंदवली. न्यायालयाचा आदेश चार ओळींचा निघाला. तेवढ्या चार ओळींवर व्हिसा मिळाला.

या काळात पत्नीचा व्हिसा तिच्या पासपोर्टात लागलेला होता. मुलांना मागे ठेवून ती आली नाही, आणि व्हिसाची मुदत संपून तो पुन्हा काढावा लागला. मुलीची दहावीची परीक्षा त्याच वर्षी झाली. जर्मनीत सोळा वर्षे पूर्ण झालेले मूल पालकांबरोबर न येता मागाहून एकटे येणार असेल, तर त्याला जर्मन भाषा सी-१, म्हणजे प्रगत, पातळीपर्यंत यावी लागते किंवा ते येथल्या जीवनात मिसळून जाईल असे दिसावे लागते. आम्ही सर्व एकत्र येणार होतो आणि माझ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, होते, ज्याला यातून सूट आहे, म्हणून तो प्रश्न आमच्यापुढे आला नाही. ज्यांच्याकडे साधा परवाना आहे आणि ज्यांची पत्नी आधी येऊन बसली आहे, त्यांच्या मुलांचा सोळावा वाढदिवस हा आनंदाचा दिवस असत नाही.

वयाबाबत एक दिलासा आहे आणि तो पक्षकारांना सांगावा. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी बेल्जियममधील एका प्रकरणात ठरवले की मूल अज्ञान आहे की नाही हे अर्ज दाखल झाला त्या दिवशीच्या वयावरून पाहायचे, निर्णयाच्या दिवशीच्या नव्हे. त्या प्रकरणात वर्षानुवर्षे लांबलेल्या कार्यवाहीत मुले सज्ञान झाली म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले होते. तेव्हा कागद अपुरे असले तरी अठराव्या वाढदिवसाच्या आत अर्ज तारीख पडून दाखल झालेला असावा. पण दिलासा तेवढाच. अर्ज दाखल झाल्याने संमतीची गरज संपत नाही.

आपल्याकडे येणारा पक्षकार उद्या कोणत्या देशात आणि कोणत्या नियमाखाली जाईल हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि युरोपात तर एकाच रस्त्यावरच्या दोन घरांना दोन वेगळे नियम लागू होतात. उदाहरणच द्यायचे तर कोकण-गोव्याकडचे देतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, आणि अनेकांनी तो केला आहे. असा एखादा गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर नेदरलँड्समध्ये किंवा आयर्लंडमध्ये नोकरी करीत असेल आणि त्याने सावंतवाडीच्या एखाद्या घटस्फोटित मुलीशी लग्न केले, तर तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलांना लागू होतो तो २००४ चा निर्देश, क्रमांक २००४/३८. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत जोडीदाराची एकवीस वर्षांखालील मुले सरळ ‘कुटुंबीय’ म्हणून येतात, आणि एकवीसच्या पुढची आली तरी अवलंबून असतील तर चालतात. त्यांना लागणारा व्हिसा विनाशुल्क आणि लवकरात लवकर द्यायचा असतो, आणि तेथे पोहोचून अर्ज केल्यावर निवासपत्र सहा महिन्यांत द्यावे लागते. उलट २००३ च्या निर्देशाखालच्या अर्जाला नऊ महिन्यांची मुदत आहे.

आणि हाच गोवेकर खुद्द लिस्बनमध्ये राहत असेल तर? तर हा निर्देश त्याला सहसा लागत नाही, कारण तो संघाच्या नागरिकाला स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या सदस्य देशात राहताना मिळणारा हक्क आहे; लिस्बनमध्ये त्याला पोर्तुगालचा देशी कायदा लागतो. त्याच न्यायाने, माझा एक मराठी सहकारी हौसेने जर्मन नागरिक झाला आणि मग त्याच्या लक्षात आले की शेजारच्या आयरिश माणसाला पत्नीची वीस वर्षांची मुलगी आणता येते आणि त्याला, जर्मन असून जर्मनीत, येत नाही. हे विचित्र आहे. पण तसे आहे. ब्रिटनचा मार्ग तर ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्यांसाठी बंदच झाला.

२००४ च्या निर्देशाच्या व्याख्येत ताबा हा शब्दच नाही, हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. मूल अज्ञान असेल तर दुसऱ्या पालकाचा हक्क त्या निर्देशाने पुसला जात नाही, आणि त्याच्या संमतीची विचारणा तेथेही होते. एकवीस वर्षांवरील मुलांना संमती लागत नाही, पण त्यांना अवलंबित्व सिद्ध करावे लागते. फिलिपिन्समधील एका तरुणीने स्वीडनमध्ये आई आणि आईच्या नॉर्वेजियन जोडीदाराच्या नात्याने असा अर्ज केला होता, आणि तिच्या प्रकरणात २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले की नियमितपणे दीर्घकाळ पैसे पाठवले जात असल्याचे दिसत असेल, तर तिने मायदेशी नोकरीसाठी किती खटपट केली याचा पुरावा मागता येणार नाही. म्हणून पैसे रोख नेऊन देण्यापेक्षा बँकेतून पाठवावेत. हा सल्ला वकिलाने द्यायचा की सी.ए.ने, हे आपण ठरवावे.

आता नावांचा विषय, जो मला सर्वांत मराठी वाटला. आमच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचे जे नाव आहे ते तिच्या पासपोर्टावर नाही. पहिल्या लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि हौसेने लिहिलेले ते नाव पुढे दवाखान्याच्या कागदावर, तेथून नगरपालिकेच्या नोंदीत आणि तेथून मुलांच्या जन्मदाखल्यावर गेले. घटस्फोटानंतर तिने माहेरचे नाव परत घेतले. माझ्याशी लग्न झाल्यावर ते बदलले नाही. आडनावच नव्हे तर पहिले नावच वेगळे, म्हणजे परदेशी कार्यालयाच्या दृष्टीने ही दुसरीच बाई. मुलांच्या मधल्या नावात त्यांच्या वडिलांचे नाव आहे, तर मुलीचे दुसरे नाव पुरुषी कसे, असेही आम्हाला विचारण्यात आले. मधले नाव ही बापाची ओळख असते, हे सांगायला मला जर्मनमध्ये तीन वाक्ये लागली. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नोंद आणि प्रतिज्ञापत्र यांची जोडणी करून आम्ही ते प्रकरण निस्तरले, पण हुकूमनाम्याच्या शीर्षकात तिची दोन्ही नावे ‘ऊर्फ’ घालून आली असती, आणि मुलांची पूर्ण नावे जन्मतारखांसह अटींमध्ये लिहिली असती, तर न्यायालयाच्या एकाच कागदाने ते काम केले असते. आमच्या अटींमध्ये मुलांचा उल्लेख फक्त ‘अज्ञान मुले’ असा आहे. किती मुले, कोणती मुले, हे त्या कागदावरून कळत नाही.

माझी विनंती अशी की मुलांचे कलम लिहिताना त्याला निदान स्त्रीधनाच्या कलमाइतकी जागा द्यावी. भाषा आपण माझ्यापेक्षा चांगली कराल, पण आमच्या चार ओळींच्या आदेशावरून मला समजलेला मजकूर साधारण असा आहे : ‘सदर मुलांचे निवासस्थान, शिक्षण, वैद्यकीय उपचार, पासपोर्ट, व्हिसा व भारताबाहेरील वास्तव्य यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या आईस राहील, मुलांनी आईसोबत भारताबाहेर कोणत्याही देशात कायम वास्तव्य करण्यास वडिलांची संमती आहे, सदर संमती भारतातील व परदेशातील कोणत्याही प्राधिकरणापुढे दाखल करता येईल.’ मुले वडिलांकडे राहणार असतील तर उलट लिहावे. आणि हे फक्त पक्षकारांच्या अटींमध्ये न राहता न्यायालयाच्या आदेशाच्या मजकुरात यावे, कारण बाहेरचा अधिकारी दोन माणसांच्या करारापेक्षा न्यायालयाच्या वाक्याला मान देतो. ‘लीगल अँड फिजिकल कस्टडी’ असे अमेरिकी नमुन्यातून उचललेले शब्द घालून भागत नाही. आपल्या कायद्यात त्यांची व्याख्या नाही आणि वाचणारा शेवटी आपल्या कायद्याकडेच जातो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयाने पालक नेमला असेल तर तेथे आणखी एक गाठ आहे : त्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. ती परवानगी त्याच आदेशात मागून घ्यावी.

आपण म्हणाल की असे कलम पुढे केले तर समोरचा पक्ष बिथरेल आणि ठरलेली तडजोड मोडेल. तसे होऊ शकते, आणि ते तसे होण्याचा अधिकार त्या पक्षाला आहेच. अशा वेळी निदान मधली वाट लिहून ठेवावी : आईला परदेशी जायचे झाल्यास तिने वडिलांना नोंदणीकृत डाकेने पूर्वसूचना द्यावी, साठ दिवसांत सकारण हरकत आली नाही तर तिने न्यायालयाकडून तसा आदेश घ्यावा, आणि वडिलांनी त्यात विनाकारण आडकाठी करू नये. एवढ्याने व्हिसा मिळणार नाही, पण न्यायालयापुढील अर्ज तरी दोन तारखांत निकाली निघू शकेल. वडिलांच्या वकिलांनाही मी हेच सांगेन. संमती देताना भेटीच्या अटी नव्याने मागून घ्या, दुसरा-चौथा शनिवार सातासमुद्रापार चालत नाही. वर्षातून एक मोठी सुट्टी भारतात, तिकिटाचा खर्च कोणाचा, आठवड्याला किती वेळा व्हिडिओ कॉल, शाळेचे प्रगतिपुस्तक कोणी पाठवायचे, हे सर्व त्याच कागदावर घ्या. जो पिता हे मागतो त्याला संमती देणे सोपे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘सावत्र’ हा शब्द मराठीने आईवरच अधिक खर्च केला असला, तरी सावत्र बाप म्हणून एवढे सांगण्याचा मला थोडासा अधिकार आहे.

विधवा किंवा विधुर पक्षकाराच्या मुलांना मृत्यूच्या दाखल्यावर भागते, त्यामुळे त्यांचा विषय काढत नाही. ज्यांच्या दुसऱ्या पालकाचा ठावठिकाणाच नाही त्यांनी मात्र लग्न ठरण्याची वाट न पाहता न्यायालयाकडून तसा निष्कर्ष नोंदवून घ्यावा. पत्ता सापडत नाही, हे परदेशातून सिद्ध करणे फार अवघड जाते.

एक बारीकसारीक सूचना शेवटी करतो. आमच्या नव्या आदेशात वडिलांशी बोलण्याची वेळ ‘दर रविवारी सायंकाळी सात वाजता’ अशी लिहिली आहे. कोठले सात, ते लिहिलेले नाही. येथे उन्हाळ्यात घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते साडेचार तास मागे जाते. पहिल्याच वर्षी त्या रविवारी मुले येथे आणि त्यांचे वडील तेथे, फोन समोर ठेवून, एकमेकांची एक तास वाट पाहत बसले. तरी वेळ लिहिताना ‘भारतीय प्रमाणवेळेनुसार’ हे दोन शब्द घालावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी पक्षकाराचा पती